मनोरंजन उद्यानांची वाढती तिकिटे आणि पाच जणांची उन्हाळी सहल: हिशेब कसा मांडावा?

गोदातीर (परभणी) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी परभणी येथील एका शाळेत शिक्षक आहे. घरात आम्ही पाच जण आहोत: मी, पत्नी, एकोणसत्तर वर्षांची आई, चौदा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. येत्या मे महिन्यात मुंबई-पुणे मार्गाच्या परिसरातील एका मनोरंजन उद्यानात एक दिवस घालवावा आणि जाता-येता पुण्यात मावशीकडे मुक्काम करावा, असा बेत दिवाळीपासून घरात शिजतो आहे. मुलांनी तर कोणत्या पाळण्यात कोणी कोणाशेजारी बसायचे, हेही ठरवून टाकले आहे.

गाडी अडली ती तिकिटांपाशी. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही याच उद्यानात गेलो होतो. तेव्हा आम्ही तिघेच होतो आणि माझ्या रोजनिशीतील नोंदीप्रमाणे दोन पूर्ण तिकिटे प्रत्येकी ९०० रुपये, मुलीचे लहान मुलांचे तिकीट ६५० रुपये आणि वर अठरा टक्के कर मिळून २,८९१ रुपये लागले होते. परवा मी मे महिन्यातील एका शनिवारचा दर पाहिला. पूर्ण तिकीट १,७०० रुपये, लहान मुलांचे १,३०० रुपये आणि कर वेगळा. मुलीला आता उंचीमुळे पूर्ण तिकीट लागते आणि आईलाही लागते. म्हणजे चार पूर्ण व एक लहान, करासह एकूण ९,५५८ रुपये. यात प्रवास, उद्यानातील जेवण, सामान ठेवण्याची पेटी, पाण्यात उतरण्यासाठीचा नायलॉनचा पोशाख यांपैकी काहीही धरलेले नाही.

आमच्याकडे ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ असे म्हणतात. परंतु प्रत्येक सुट्टी परभणीतच काढणे मुलांना आता मान्य नाही, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात ते मलाही फारसे मान्य नाही. आपणांपैकी ज्यांनी कुटुंबासह अशा सहली केल्या आहेत, त्यांनी सुट्टीचा हिशेब कसा बसवला? तिकिटासाठी तारीख बदलावी, मुक्काम कमी करावा, की उद्यानाचा बेतच सोडावा? आणि आईने कोणत्याही पाळण्यात बसायचे नसताना तिच्यासाठी दोन हजार रुपये भरावेत का? हा शेवटचा प्रश्न मला घरात मोठ्याने विचारता येत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

ताळेबंद (जालना)

गोदातीर सर, उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो. २०१८ साली आपण कोणत्या वारी गेला होता? आणि येत्या मे महिन्यातील सोमवार ते शुक्रवार या दिवसांचे दर आपण पाहिले आहेत का? आपण दोन वेगळ्या वस्तूंच्या किमती शेजारी ठेवून पाहत आहात, अशी मला शंका येते.

गोदातीर

रोजनिशीत बुधवार लिहिलेला आहे. आताच पाहिले. मधल्या वारांचा दर पूर्ण तिकिटाला १,३०० आणि लहान मुलांना १,००० रुपये आहे. फरक एवढा असेल याची कल्पना नव्हती.

ताळेबंद (जालना)

मग आता नीट मांडता येईल. माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा असल्यामुळे अशी बेरीज समोर आली की तिचे तुकडे केल्याशिवाय मला राहवत नाही. थोडा लांबचा हिशेब आहे, सांभाळून घ्यावे.

आपला खर्च २,८९१ वरून ९,५५८ वर गेला, म्हणजे ६,६६७ रुपयांनी वाढला. ही सगळी वाढ उद्यानाने केली असे प्रथमदर्शनी वाटते. आता असे समजा की उद्यानाने २०१८ पासून एक पैसाही वाढवला नाही. तरीही आज आपल्याला चार पूर्ण आणि एक लहान तिकीट लागले असते, म्हणजे जुन्याच दराने करासह ५,०१५ रुपये. याचा अर्थ २,१२४ रुपयांची वाढ आपल्या घरात झालेली आहे: मुलगी उंच झाली, मुलगा जन्मला आणि या वेळी आई सोबत आहे. आता त्याच पाच जणांना मधल्या वारी नेले, तर आजच्या दराने ७,३१६ रुपये होतात. जुना दर आणि नवा दर, दोन्ही मधल्या वारांचे धरले, तर खरी दरवाढ २,३०१ रुपयांची ठरते. उरलेले २,२४२ रुपये ही केवळ शनिवारची किंमत आहे. तिन्ही भाग जवळजवळ सारखे निघाले, हा निव्वळ योगायोग आहे, परंतु त्यामुळे चित्र स्पष्ट होते. पहिल्या भागावर आपला इलाज नाही, दुसऱ्यावरही नाही, तिसरा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

दुसऱ्या भागाबद्दल थोडे उद्यानांच्या बाजूनेही बोलतो. ९०० वरून १,३०० म्हणजे आठ वर्षांत सुमारे ४४ टक्के वाढ, वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. याच काळात किराणा, शाळेचे शुल्क आणि दवाखान्याचा खर्च किती वाढला, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. मला तरी हा दर त्याहून वेगळा वाटत नाही. अशा उद्यानाचा बहुतेक खर्च माणसे येवोत अथवा न येवोत, ठरलेलाच असतो. जमीन, यंत्रांची देखभाल, सुरक्षेची तपासणी, वीज, विमा, कर्मचाऱ्यांचे पगार, यांतले काहीही पावसाळ्यातल्या रिकाम्या मंगळवारी कमी होत नाही. त्यामुळे ज्या दिवशी गर्दी हमखास येते त्या दिवशी दर चढवायचा आणि जेव्हा येत नाही तेव्हा उतरवायचा, हाच त्यांचा व्यवसाय झाला आहे. ‘तिकीट केवढ्याला’ या प्रश्नाला आता एक उत्तर उरलेले नाही. आधी तारीख सांगावी लागते.

कराबद्दलही सांगतो, कारण येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मनोरंजन उद्याने आणि जल-उद्याने २८ टक्क्यांच्या टप्प्यात होती. २५ जानेवारी २०१८ पासून तो दर १८ टक्के झाला, म्हणून आपल्या रोजनिशीत १८ टक्के दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोल्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, उद्यानांचे तिकीट मात्र १८ टक्क्यांवरच राहिले. अर्थात मुक्काम थोडा स्वस्त झाला, प्रवेश झाला नाही. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत दिसणारा दर बहुधा कराविना असतो, त्यामुळे घरात आकडा सांगताना तो करासह सांगावा. नंतर वाढवून सांगितला की घरातले लोक उद्यानाला नव्हे, आपल्यालाच बोल लावतात.

आमच्या घरी गेली काही वर्षे एक क्रम पाळतो. आधी तिकिटाचा सर्वांत स्वस्त वार पाहतो, मग रजा टाकतो आणि शेवटी गाडीचे आरक्षण करतो. पूर्वी उलटे करत होतो. आपण शिक्षक आहात आणि मे महिन्यात आपल्याला मधला वार मोकळा असतो. ही सवलत माझ्यासारख्या व्यावसायिकाला मिळत नाही, तिचा लाभ अवश्य घ्यावा. उद्यानाच्या आत होणारा खर्च मी तिकिटांच्या निम्मा धरून ठेवतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, हे लक्षात ठेवून सकाळी भरपेट खाऊनच आत जावे.

निवृत्तबाई (अंबाजोगाई)

गोदातीर सर, मी आपल्या आईच्याच वयाची आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

तीन वर्षांपूर्वी मुलगा आणि सून मला आग्रहाने अशा एका उद्यानात घेऊन गेले. माझे पूर्ण तिकीट काढले. आत गेल्यावर माझ्याकडे चार जणांच्या चपला, दोन पिशव्या, तीन भ्रमणध्वनी आणि सुनेचे मंगळसूत्र सोपवण्यात आले, आणि मी सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत एका छत्रीखाली बसून ते सांभाळले. पेटी भाड्याने घेतली असती तर याच्या दहाव्या हिश्श्यात काम झाले असते, असे मी परतीच्या प्रवासात म्हणाले, तेव्हा सगळे हसले. मी मात्र गंभीरपणेच म्हणाले होते.

आमच्या लहानपणी वडील आम्हाला माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नेत असत. तेथे आकाशपाळण्याचे पैसे पाळण्यात बसणाऱ्याने द्यायचे. आजी खाली उभी राहून वर पाहायची, हात हलवायची आणि पाळणा थांबला की पदराने आमची तोंडे पुसायची. तिच्याकडून कोणी दिडकी मागितली नाही. पाहण्याचे पैसे लागत नव्हते, म्हणून सगळे घर जात असे. आता दारातच माणशी पैसे घेतात. त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी प्रत्येक माणसाची किंमत मोजली जाते आणि ‘आईला काय करायचे आहे तेथे’ असे वाक्य तयार होते. त्यात आपला दोष नाही, परंतु ते वाक्य आईच्या कानावर कोणत्या शब्दांत पडते, याला महत्त्व आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की तिकीट काढायचे की नाही, हे आपण ठरवू नये. आईंना थेट विचारावे. मात्र ‘तुला यायचे आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर आम्ही सगळ्या ‘तुम्ही म्हणाल तसे’ असेच देतो. ‘त्या दिवशी तुला काय करायला आवडेल’ असे विचारावे.

नांदेडकर७

निवृत्तबाईंनी यात्रेचा विषय काढला म्हणून एक आठवले. माझे धाकटे बंधू नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतात आणि डिस्नेलँड त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. ते उद्यान १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले तेव्हा तेथेही माळेगावसारखाच व्यवहार होता. दारात एक डॉलर द्यायचा आणि प्रत्येक पाळण्याचे वेगळे तिकीट घ्यायचे. पुढे तिकिटांची पुस्तिका आली. साध्या पाळण्याला खालच्या अक्षराचे आणि मोठ्या पाळण्याला वरच्या अक्षराचे तिकीट लागायचे. १९८२ साली ही पुस्तिका बंद झाली आणि एकदा पैसे भरा, दिवसभर काहीही करा, ही पद्धत पक्की झाली. दिवसभर बागडणाऱ्या मुलांना ती परवडते, छत्रीखाली बसणाऱ्या आजीला नाही.

ताळेबंद यांनी तारखेबद्दल जे लिहिले आहे, त्याचेही मूळ तेथे दिसते. डिस्नेलँडने २०१६ च्या फेब्रुवारीत तारखेनुसार वेगवेगळे दर लावायला सुरुवात केली. २०१९ मध्ये सर्वांत स्वस्त दिवसाचे तिकीट १०४ डॉलर आणि सर्वांत महाग दिवसाचे १४९ डॉलर होते. २०२४ च्या ऑक्टोबरात महाग दिवसाचे तिकीट २०६ डॉलर झाले, स्वस्त दिवसाचे मात्र १०४ डॉलरच राहिले. वर्तमानपत्रात ‘तिकीट दोनशेच्या पुढे’ असा मथळा येतो, तो खराच असतो, परंतु दरी रुंदावली आहे ही गोष्ट त्या मथळ्यात येत नाही. बंधूंची मुले शाळेत जाणारी असल्यामुळे त्यांना स्वस्त दिवस जवळजवळ कधीच मिळत नाही. शिवाय तेथे १९९९ पासून रांग टाळण्यासाठी कागदी चिठ्ठी फुकट मिळत असे. साथीनंतर ती गेली आणि २०२१ पासून रांग टाळण्याचे वेगळे पैसे लागू लागले. आपल्याकडेही काही उद्यानांत रांग टाळणारे महागडे तिकीट दिसते. गोदातीर सर, मे महिन्यातल्या शनिवारी आपण ९,५५८ रुपये भरून मुख्यतः रांगेत उभे राहाल, आणि ते ऊन मुंबईकडचे, दमट असेल, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या भागाचे बोलू. मुंबई-पुणेच का? परभणीहून देवगिरी एक्सप्रेस एका दिशेने मुंबईला जाते, तशी दुसऱ्या दिशेने नांदेड, निजामाबादमार्गे सिकंदराबादकडेही जाते, आणि आपल्याला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. तेथे रामोजी फिल्म सिटी आहे, २०१६ पासून वंडरला आहे, शिवाय चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय आहे, जेथे आईंनाही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नांदेडच्या माणसाला हैदराबाद परगाव वाटतच नाही. आमच्या आजोबांची अर्धी कागदपत्रे तिकडची आहेत. मात्र रेल्वेनेच जावे. आपल्या एस.टी.मध्ये महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे आहे, परंतु ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. तेलंगणातील महिलांचा मोफत बसप्रवास तेथील रहिवासी महिलांसाठी आहे, आपल्या ओळखपत्रावर तो मिळत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी याबाबत तिकडच्या वाहकाशी बराच वाद घातला होता, म्हणून मुद्दाम लिहितो.

औसेकर (लातूर जिल्हा)

वरील सर्व चर्चा वाचली. ताळेबंद साहेबांचा हिशेब बिनचूक आहे, परंतु त्यांनी ‘दर वर्षी पावणेपाच टक्के, म्हणजे इतर महागाईइतकाच’ असे जे लिहिले, त्याला शेतकऱ्याच्या घरातून थोडा आक्षेप घेतो.

सोयाबीनचा हमीभाव २०१८-१९ च्या हंगामात क्विंटलला ३,३९९ रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो ५,३२८ रुपये आहे. कागदावर ही वाढ उद्यानाच्या मधल्या वारच्या दरवाढीपेक्षाही जास्त दिसते. परंतु हमीभाव जाहीर होणे आणि बाजार समितीत तो पदरात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या दोन-तीन हंगामांत आम्ही अनेकांनी हमीभावाच्या बरेच खाली माल घातला आहे, आणि २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने कित्येकांच्या हाती घालण्याइतका मालही ठेवला नाही. ज्याचा पगार महिन्याला येतो त्याला दरवाढीची टक्केवारी उपयोगी पडते; ज्याचे पैसे दिवाळीच्या आगेमागे एकदाच येतात, त्याला मे महिन्यातली सहल दिवाळीतच बाजूला काढून ठेवावी लागते, आणि मधल्या काळात विहिरीची मोटार जळाली की ती रक्कम तिकडे जाते.

आमच्या घरी यावर एक वाट काढली आहे. मुलांच्या शाळेची सहल हिवाळ्यात जाते. शालेय सहलीला एस.टी. सवलतीच्या दराने गाडी देते आणि उद्यानेही शाळांना गटाचा कमी दर लावतात. मुले तेथे शाळेसोबत जाऊन येतात, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे मिळून नातेवाइकांकडे किंवा तुळजापूर, नळदुर्ग असे जातो. मुलांना पाळणे मित्रांसोबत जास्त आवडतात. आईवडिलांसोबत त्यांना ओरडतासुद्धा येत नाही. गोदातीर सर शिक्षक आहेत, त्यांच्या शाळेची सहल त्यांनाच न्यावी लागत असेल तर ही युक्ती त्यांच्या उपयोगाची नाही, हे मान्य.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

एवढ्या पैशांत वेरूळ कितीदा पाहून होईल? वेरूळच्या लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागतच नाही. गोदातीर सरांचे संपूर्ण कुटुंब १२० रुपयांत कैलास लेणे पाहील. अजिंठ्यालाही तोच दर आहे, फक्त पायथ्यापासून वर जाण्याच्या बसचे पैसे वेगळे पडतात. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, तेवढे पाहून निघावे.

ताळेबंद (जालना)

वेरूळवाट, आपले म्हणणे खरे आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीला ‘पाण्याच्या घसरगुंडीऐवजी कैलास लेणे’ असे सांगून पाहावे, मग कळेल. लेणी ही उद्यानाच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही. तशी दिली की मुले दोन्हींवर रुसतात. वेरूळला डिसेंबरात जावे. मे महिन्यात दुपारी त्या कातळावर उभे राहणे ही शिक्षा आहे.

मला सुचलेला एक पर्याय लिहायचा राहिला होता. शिर्डीला जल-उद्यान आहे आणि साईतीर्थ नावाचे भक्तिपर मनोरंजन उद्यानही आहे. घरातील ज्येष्ठ दर्शनाला जातात, मुले पाण्यात जातात आणि संध्याकाळी सगळे एकाच खोलीत परततात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्यापासून आम्हा जालनेकरांना हे फार सोयीचे झाले आहे. पथकर मात्र मोटारीला किलोमीटरमागे १.७३ रुपयांवरून १ एप्रिल २०२५ पासून २.०६ रुपये झाला आहे, म्हणजे तेथेही दरवाढीतून सुटका नाही. परभणीहून रेल्वेने मनमाड किंवा नगरसोलपर्यंत येता येते.

निवृत्तबाई (अंबाजोगाई)

शिर्डीचा पर्याय मला पटला. फक्त दर्शनाच्या रांगेत आणि पाळण्याच्या रांगेत कोण आधी मोकळे होते, याची पैज लावू नये. आमच्याकडे ती लावली होती आणि पाळणेवाले जिंकले.

नांदेडकर७

एक सूचना राहिली. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे लागते; शायिका नको असेल तरच अर्धे. एप्रिल २०१६ पासून हा नियम आहे. सर, आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, रात्रीचा प्रवास असेल तर तो आपल्या शेजारी मावतो का, ते पाहून ठरवावे. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आईंचेही पूर्ण भाडे धरावे. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडते; पूर्वीच्या एकशे वीस दिवसांच्या सवयीने कोणी आजच प्रयत्न करू नये.

गोदातीर (परभणी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात घरात दोनदा बैठक झाली.

निवृत्तबाईंच्या सल्ल्याप्रमाणे आईला विचारले. ‘तुला त्या दिवशी काय करायला आवडेल’ असे विचारताच ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली की शिर्डी तिची तीनदा झाली आहे, परंतु बाबा गेल्यापासून आळंदीला जाणे झालेले नाही, आणि पुण्याच्या मावशीलाही सोबत कोणी नसल्यामुळे तिचेही राहून गेले आहे. मी इतके महिने तिच्या तिकिटाचा विचार करत होतो आणि तिच्या मनात दुसरेच ठिकाण होते. आता दोघी बहिणी त्या दिवशी आळंदीला जातील. तिला उद्यानात न नेल्याबद्दल मला वाटणारा संकोच तिला मुळीच वाटत नाही, उलट ‘तुम्ही लवकर परत येऊ नका’ असेच तिने बजावले आहे.

आम्ही चौघे मंगळवारी, १२ मे रोजी उद्यानात जाऊ. तीन पूर्ण आणि एक लहान, मधल्या वारच्या दराने करासह ५,७८२ रुपये. शनिवारच्या बेतापेक्षा हे ३,७७६ रुपयांनी कमी आहे, आणि ताळेबंद यांच्या सूत्राप्रमाणे आत होणाऱ्या खर्चासाठी तिकिटांच्या निम्मे, म्हणजे २,८९१ रुपये वेगळे ठेवले आहेत. ही बेरीज करताना मी थबकलो, कारण २०१८ साली आम्हा तिघांच्या तिकिटांना नेमकी एवढीच रक्कम लागली होती.

पुण्याला नांदेड-पनवेल गाडीने जायचे ठरले आहे. ती परभणीहून लातूरमार्गे जाते. ९ मे च्या प्रवासाचे आरक्षण १० मार्चला उघडेल, त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी संगणकासमोर बसलेलो असेन. हैदराबादचा पर्याय पत्नीला इतका आवडला की तो दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे, नांदेडकर यांनी तोपर्यंत रामोजी फिल्म सिटीचा अनुभव सविस्तर लिहावा ही विनंती. औसेकर यांचा आक्षेप मला पटला. आमच्या वर्गात अशी मुले आहेत ज्यांच्यासाठी शाळेची सहल हीच एकमेव सहल असते, आणि पुढच्या वर्षी सहलीचे ठिकाण ठरवताना मी हे मुख्याध्यापकांपुढे मांडणार आहे.

तिकिटांसाठी उंचीची जी पट्टी लावतात, तिच्याबद्दल मुलीने थोडी कुरकुर केली. आपण उंच झालो त्याचा दंड बाबांना बसतो, असे तिचे म्हणणे आहे. मुलाची काळजी याच्या नेमकी उलट आहे. मोठ्या पाळण्यात बसण्यासाठीही किमान उंची लागते, हे त्याला बहिणीने सांगितल्यापासून तो रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतो आणि पेन्सिलची खूण कालच्यापेक्षा वर गेली का, ते पाहायला मला बोलावतो.